काळी-पिवळी पद्मिनी, माप १/१० : दिव्यांच्या कामाच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

रिमोटवर चालणारी ही छोटी टॅक्सी तयार होऊन पाच महिने झाले, दिवे मात्र अजून नाहीत. हेडलाइटच्या जागी १७ मिलिमीटरची दोन भोकं, मागे टेललाइटच्या उभ्या खाचा रिकाम्या. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत आला, त्यामुळे मैदानात गाडी नेणं बंदच आहे. तेव्हा हेच काम काढते.

आधी गाडीची माहिती लिहून ठेवते. चासी छोट्या गाड्यांसाठीचा, व्हीलबेस २३९ मिमी. खऱ्या प्रीमियर पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिमी, म्हणजे दहाव्या मापात २३४. वरचे ५ मिमी चाकांच्या कमानीत मुरवले आहेत. बॉडी पीएलए या प्लॅस्टिकची, थ्रीडी प्रिंट करून चार तुकड्यांत जोडलेली, भिंत १.६ मिमी. खाली काळा रंग, टपाला पिवळा. मोटर ब्रशवाली, ५४० मापाची, बॅटरी ७.२ व्होल्ट. रिमोट साधा, दोनच चॅनेलचा: एक स्टिअरिंगला, एक थ्रॉटलला, म्हणजे वेगाला. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधून, म्हणजे ईएससीमधून, रिसीव्हरला आणि सर्व्होला (चाकं वळवणारी छोटी मोटर) ६ व्होल्ट जातात, दिवेही त्याच ६ व्होल्टवर चालवायचे. वेगळी बॅटरी लावणार नाही. दोन बॅटऱ्या चार्ज करायच्या म्हटलं की एक नेहमी विसरते आणि मग गाडी बिनदिव्याची बाहेर निघते.

हे मॉडेल माझ्या मामांच्या टॅक्सीचं. आम्ही राहतो कुर्ल्याला, नेहरूनगरात. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची, प्रीमियरच्या कारखान्यात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला मुदत वीस वर्षांची, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून गेली. मामांची त्याच्या बरीच आधी भंगारात निघाली होती. आता तिचे दोन फोटो आणि एक मोडकं मडफ्लॅप एवढंच उरलं आहे. मॉडेल त्या फोटोंवरून केलं.

आज फोटो भिंगाखाली धरून बघितला. हेडलाइटच्या काचेवर मधोमध एक काळा ठिपका दिसतो. आधी मला तो फोटोवरचा डाग वाटला होता, पण दुसऱ्या फोटोतही तो आहे, दोन्ही दिव्यांवर.

१४ जून, शनिवार

लॅमिंग्टन रोड. कुर्ल्याहून दादर, दादरला गाडी बदलून स्लो लोकलने ग्रँट रोड, पूर्वेला उतरून चालत. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाला निघालेला कोणीही ‘लॅमिंग्टनला जातो’ असंच म्हणतो. डिप्लोमाला असल्यापासून इथे येते आहे. पूर्वी नुसते रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर घेऊन जायचे, आता त्याच गाळ्यांतून आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्डही मिळतात.

घेतलं ते असं: ५ मिमीचे पांढरे, ३ मिमीचे लाल आणि अंबर एलईडी, प्रत्येकी दहा, म्हणजे दोनचार जळाले तरी पुन्हा फेरी नको. बीसी५४७ ट्रान्झिस्टरचं पाकीट. २२०, ३३०, ४७० ओहम आणि १ किलोओहमचे रेझिस्टर. आर्डुइनो नॅनो एक. झिरो पीसीबी (नुसत्या भोकांचा, जोडणीचा बोर्ड), बर्ग स्ट्रिप, रेलिमेट कनेक्टर, बारीक हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी). आणि सगळ्यांत महत्त्वाची ती बारीक मल्टिस्ट्रँड वायर, सहा रंगांत. सिंगल तारेची वायर बॉडी चार वेळा काढली-घातली की सोल्डरपाशी तुटते.

पांढरा एलईडी घेताना दुकानदारांनी विचारलं, “कूल की वॉर्म?” मी कूल घेतला. उजेड जास्त दिसतो म्हणून.

१५ जून, रविवार

कागदावरचं काम. पांढऱ्या एलईडीवर साधारण ३.१ व्होल्ट पडतात, लाल आणि अंबरवर २ च्या आसपास. ६ व्होल्टमधून तेवढे वजा करायचे, उरलेल्याला रेझिस्टरने भागायचं. हेडलाइटला २२० ओहम: २.९ भागिले २२०, १३ मिलिअँपिअर. लाल आणि अंबरला ३३०: १२ मिलिअँपिअर. पुढच्या छोट्या पार्किंग दिव्यांना ४७०, म्हणजे ६ मिलिअँपिअर. टॅक्सीच्या भाडेमीटरच्या दिव्याला १ किलोओहम पुरे. एलईडी २० मिलिअँपिअर सहन करतो म्हणून त्याला २० दिलेच पाहिजेत असं नाही. १२ आणि २० मधला फरक डोळ्याला फारसा कळत नाही, उष्णतेला आणि बॅटरीला कळतो.

प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर. दोन एलईडी समांतर जोडून एकच रेझिस्टर लावण्याचा मोह होतो, वायर वाचते, पण दोन एलईडी कधीच तंतोतंत सारखे नसतात. ज्याचा व्होल्टेज किंचित कमी, तो जास्त करंट ओढतो आणि एक डोळा मोठा, एक बारीक दिसतो.

नॅनोच्या एका पिनेवर २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त भार टाकायचा नाही, म्हणून प्रत्येक जोडीला एक बीसी५४७. पिन ते बेस १ किलोओहम. सगळे दिवे आणि एका बाजूचा इंडिकेटर धरून ९० मिलिअँपिअर होतात.

१९ जून, गुरुवार, रात्र

काल हेडलाइटची पारदर्शक काच सुपरग्लूने चिकटवली. सकाळी पाहते तर काचेवर पांढरी धुरकट साय. गोंद सुकताना त्याची वाफ बंद जागेत कोंडते आणि प्लॅस्टिकवर बसते. पुसून गेली नाही. दुसऱ्या काचा कापल्या आणि त्या पारदर्शक इपॉक्सीने बसवल्या. दिव्याच्या आसपास यापुढे सुपरग्लू नाही.

२२ जून, रविवार

मामा चेंबूरहून आले. दिवे ब्रेडबोर्डवरच (सोल्डर न करता जोडून बघायच्या पट्टीवर) होते, पण हेडलाइट बॉडीत बसवलेले. खोलीतला पंखा-बत्ती बंद करून मी स्विच टाकला.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाय, ही ट्यूबलाइट झाली गो. आमच्या गाडीचा दिवा असा नव्हता.”

“मग कसा होता, मामा?”

“पिवळा. तुपासारखा. पावसात समोर धरलास तर पाण्याच्या रेघा सोन्यासारख्या दिसायच्या.”

ते खरंच होतं. कूल व्हाइटचं रंगतापमान ६००० केल्विनच्या वर जातं, जुना तारेचा बल्ब २८०० च्या आसपास. उजेड किती आहे एवढंच मी बघत होते, कोणता आहे ते नाही. माझ्याकडे वॉर्म व्हाइटचे चार एलईडी एका जुन्या माळेतून काढलेले होते, ते लावले. मामांनी मान हलवली: जवळ आलं, अजून नाही. मग शाळेच्या प्रोजेक्टमधून उरलेला पिवळा जिलेटिनचा कागद एक पदर काचेमागे धरला. “हां.”

काळ्या ठिपक्याचंही विचारलं. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत पडू नये म्हणून काचेवर मधोमध रंग लावत, असं ते म्हणाले. मी मॉडेलवरही ४ मिमीचा ठिपका दिला, आणि त्याने मला न सुटलेली एक अडचण सुटली. एलईडीचा उजेड मधे टोचणाऱ्या बिंदूसारखा दिसतो, तारेच्या बल्बासारखा सगळ्या रिफ्लेक्टरभर पसरलेला दिसत नाही. ठिपक्याने तो मधला बिंदूच झाकला. आता कडेचा, चांदीच्या कागदावरून परतलेला उजेड तेवढा बाहेर येतो आणि दिवा पूर्ण गोल पेटलेला वाटतो. आठवडाभर मी एलईडीचं टोक घासून, सॅंडपेपर लावून उजेड पसरवायच्या खटपटीत होते.

२८ जून, शनिवार

रिसीव्हरचा सिग्नल वाचणं. स्टिअरिंग आणि थ्रॉटल दोन्ही तारांवर सेकंदाला ५० वेळा एक पल्स, म्हणजे विजेचा क्षणिक ठोका, येते. १५०० मायक्रोसेकंद रुंद असली तर मधोमध, १००० एका टोकाला, २००० दुसऱ्या. ही रुंदी मोजली की चालवणारा काय करतोय ते नॅनोला कळतं. त्यासाठी वेगळं चॅनेल लागत नाही, सर्व्होला आणि ईएससीला जाणाऱ्या तारेलाच एक फाटा काढायचा.

पहिल्यांदा pulseIn हे आर्डुइनोचं तयार फंक्शन वापरलं. ते पल्स संपेपर्यंत थांबून राहतं आणि तेवढा वेळ बाकी सगळं अडतं, इंडिकेटरची लय लंगडी पडते. म्हणून इंटरप्टवर गेले, म्हणजे पिनेवर बदल झाला की नॅनो हातातलं काम क्षणभर सोडून त्याची नोंद घेतो: थ्रॉटल पिन २ वर, स्टिअरिंग पिन ३ वर. पल्स वर गेली की वेळ टिपायची, खाली आली की वजाबाकी. नॅनोवर ही मोजणी ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने होते, आपल्याला भरपूर.

पिन ३ अशी गेल्यामुळे उजेड कमी-जास्त करता येईल अशा पिना उरल्या पाच: ५, ६, ९, १०, ११. हेडलाइट, टेल-ब्रेक, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, मीटर. बरोबर पाच. पुढचे पार्किंग दिवे टेललाइटच्या पिनेवर जोडायचा विचार होता, पण मग ब्रेक दाबला की पुढचेही भडकतील. त्यांना साधी चालू-बंद पिन दिली.

मोटर फिरली की आकडे नाचत होते, कधीकधी ३००० च्या वर. मोटरच्या टर्मिनलवरचा एक ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर निसटला होता, तो परत लावला. सिग्नलच्या वायरी मोटरच्या जाड वायरींपासून दूर, चासीच्या दुसऱ्या बाजूने नेल्या. कोडमध्ये ९०० च्या खालची आणि २१०० च्या वरची पल्स टाकून द्यायची, उरलेल्यांतल्या शेवटच्या पाचांची सरासरी घ्यायची. आता आकडा ६ मायक्रोसेकंदांच्या आतच हलतो.

२९ जून, रविवार

ब्रेकलाइट. दिसायला सगळ्यांत सोपा, करायला सगळ्यांत अवघड.

थ्रॉटल १५०० च्या खाली गेला की लाल दिवा, एवढ्याने भागत नाही. ईएससी असं वागतो: पुढे जाताना ट्रिगर मागे ढकलला तर ब्रेक. मध्यावर आणून पुन्हा मागे ढकलला तर रिव्हर्स. एकच हालचाल, दोन अर्थ. साधा नियम ठेवला तर गाडी मागे जात असताना ब्रेकलाइट जळत राहतो. म्हणून आधी काय चाललं होतं ते कोडने लक्षात ठेवावं लागतं: ‘पुढे’, ‘ब्रेक’, ‘मध्य’, ‘मागे’ अशा चार अवस्था आणि एकीतून दुसरीत जायच्या अटी. ‘पुढे’ मधून १४७० च्या खाली गेलं तर ‘ब्रेक’. ‘ब्रेक’ नंतर मध्यावर थोडं थांबून परत खाली गेलं तर ‘मागे’, आणि दिवा विझलेला. हे मी वहीत चौकोन-बाण काढून केलं आणि मगच संगणकाला हात लावला. एरवी सरळ कोड लिहायला बसते, आज तसं केलं नाही याचं समाधान आहे.

दुसरा प्रश्न गाडी थांबल्यावरचा. दिवा जळत ठेवायचा का? मामांना फोन केला. म्हणाले, सिग्नलला उभं राहिलं की न्यूट्रल आणि हँडब्रेक, पायाखाली ब्रेक धरून कोण बसणार, दिवसाला दहा तास गाडी चालवायची असते. म्हणून थांबल्यावर ३ सेकंदांनी ब्रेकलाइट विझतो.

टेल आणि ब्रेक एकाच एलईडीतून, दोन पातळ्यांवर. खऱ्या गाडीतही एकाच बल्बात दोन तारा असतात, ५ वॉट आणि २१ वॉटची. उजेडाच्या २५५ पायऱ्यांपैकी मी टेलला २५ दिल्यात, ब्रेकला पूर्ण.

५ जुलै, शनिवार

गॅलरीत पहिली फेरी. स्टिअरिंग झटकन पूर्ण वळवलं की सगळे दिवे विझतात आणि सेकंदाभराने परत येतात. नॅनो रीसेट होतो आहे.

सोमवारी कॉलेजातल्या ऑसिलोस्कोपवर बघेन, मल्टिमीटरला एवढं क्षणिक काही दिसणार नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी. साबुदाण्याची खिचडी आणि दिवसभर पाऊस. कामाला हात लावला नाही.

९ जुलै, बुधवार

स्कोपवर दिसलं: सर्व्हो अडला की ६ व्होल्टची ओळ ३.६ पर्यंत खाली येते, सुमारे ४० मिलिसेकंद. मी नॅनोला VIN या पिनेतून, त्याच्या रेग्युलेटरमार्गे, पुरवठा देत होते. त्याचा रेग्युलेटर स्वतःच १.१ व्होल्ट खातो, म्हणजे चिपला मिळाले २.५. नॅनो २.७ च्या खाली स्वतःला बंद करतो.

उपाय जुनाच. VIN सोडून दिला. ६ व्होल्टच्या ओळीतून एक १एन४००७ डायोड, त्यावर ०.७ पडून ५.३ उरतात, ते थेट ५ व्होल्टच्या पिनेला. आणि त्या पिनेवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ओळ खाली आली तरी डायोडमुळे कपॅसिटरमधला भार मागे सर्व्होकडे जाऊ शकत नाही, तो फक्त नॅनोला मिळतो. नॅनो एकटा २५ मिलिअँपिअर घेतो, त्या हिशेबाने ५.३ वरून २.७ वर यायला १०० मिलिसेकंद लागतात. आपली अडचण ४० ची.

एलईडी मात्र डायोडच्या अलीकडून, थेट ६ व्होल्टवर. नाहीतर त्यांचे ९० मिलिअँपिअर कपॅसिटर क्षणात रिकामा करतील. त्या ४० मिलिसेकंदांत हेडलाइट किंचित मिचकतात. जुन्या गाडीला ते शोभतं, तसंच ठेवलं.

१२ जुलै, शनिवार

रात्री दिवे लावून दूर उभी राहिले तर पिवळं टप आतून कंदिलासारखं उजळलेलं. १.६ मिमी पीएलए, त्यावर पिवळा रंग, उजेड आरपार. काळ्या भागातही जोडांच्या रेघा लाल दिसत होत्या.

आतून सगळीकडे काळ्या रंगाचे दोन हात दिले. प्रत्येक एलईडीला मागून हीटश्रिंकची टोपी, हेडलाइटच्या कपाला आतून ॲल्युमिनिअमची चिकटपट्टी. पट्टी वीज वाहून नेते हे लक्षात ठेवून सोल्डरच्या टोकांवर आधी स्लीव्ह चढवली. लेन्ससोडून कुठूनही उजेड दिसत नाही इथपर्यंत यायला अख्खा दिवस गेला, आणि माझ्या मते मॉडेलच्या दिव्यांत हेच काम सगळ्यांत जास्त दिसतं. महागडा एलईडी लावलेली पण आतून गळणारी बॉडी खेळण्यासारखीच वाटते.

१३ जुलै, रविवार

बॉडी आणि चासी यांच्यातल्या वायरी. बॅटरी बदलायला दर वेळी बॉडी काढावी लागते, म्हणून मधे कनेक्टर हवाच. नॅनो चासीवर ठेवला तर बॉडीत जाणाऱ्या वायरी सात: पॉझिटिव्ह आणि सहा दिव्यांच्या. सात पिनांचा कनेक्टर ओल्या बोटांनी, अंधारात, घाईत लावून बघा.

नॅनोच टपाखाली चढवला. आता बॉडीत फक्त चार वायरी जातात: ६ व्होल्ट, ग्राउंड, थ्रॉटल, स्टिअरिंग. चार पिनांचं रेलिमेट, एकाच बाजूने बसणारं, उलट लागायची भीती नाही. वजन वर गेलं हे खरं, पण पंधरा-वीस ग्रॅमने टॅक्सी काही उलटत नाही. झिरो पीसीबीच्या जोडांवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन थर दिले, पावसाच्या शिंतोड्यांना तेवढं पुरतं.

आज इंडिकेटरही झाले. गाडी उभी असताना स्टिअरिंग एका बाजूला अर्धा सेकंद धरलं की त्या बाजूचा सुरू, चाक सरळ झालं की बंद. मिनिटाला ९० लुकलुक. एलईडी एकदम पेटतो, एकदम विझतो. तारेचा बल्ब तापायला आणि निवायला वेळ घेतो, म्हणून चढायला ८० आणि उतरायला १२० मिलिसेकंद दिले. उजेडाची चढण सरळ रेषेत देऊन चालत नाही. डोळ्याला अर्धा वाटावा असा उजेड हवा तर २५५ पैकी १२८ नाही, ५६ द्यावे लागतात. २.२ घाताचा तक्ता कोडमध्ये टाकला आणि पहिल्यांदाच इंडिकेटर ‘श्वास घेतो’ असं वाटलं.

संध्याकाळी मामा आले होते. मीटरचा दिवा त्यांना फार आवडला. पुढच्या काचेच्या डाव्या कडेला, गाडीच्या बाहेर, लोखंडी मीटर. रात्री आकडा वाचता यावा म्हणून आत मिणमिणता बल्ब. आकडा वाचायचा आणि टॅरिफ कार्डावर भाडं बघायचं. उतारूला कार्ड दाखवताना काय काय वाद होत, ते त्यांनी चहा संपेपर्यंत सांगितलं.

जाताना दारात थांबून म्हणाले, “सगळं बरोबर आहे. पण उभी असताना पण दिवा एवढाच लख्ख कसा?”

मला कळलं नाही.

“अगो, डायनामो होता ना. सिग्नलला उभी राहिली की इंजिन मंद, दिवे पण मंद. रेस दिलीस की उजळायचे. रात्री आम्ही उभ्या उभ्या जरा रेस देत बसायचो.”

१९ जुलै, शनिवार

आठवडाभर डोक्यात तेच. डायनामो इंजिनाच्या वेगाने फिरतो, वेग कमी तर वीज कमी, मग दिव्यांचा भार बॅटरीवर येतो आणि ते पिवळे पडतात. माझ्या गाडीत इंजिन नाही, पण थ्रॉटलचा आकडा आहे. तोच इंजिनाचा वेग मानायचा.

थ्रॉटल मध्यावर असताना हेडलाइट डोळ्याला ६० टक्के वाटावा, म्हणजे २५५ पैकी ८३. थ्रॉटल वाढेल तसा पूर्णापर्यंत. पण लगेच नाही, इंजिनाला वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून ४०० मिलिसेकंद मागून. लावून बघितलं. गाडी निघते आणि एका क्षणाने दिवे उजळतात. ब्रेक दाबला की मागे लाल भडकतो आणि त्याच वेळी पुढचा पिवळा खाली बसतो. ही दोन्ही एकत्र होतील हे मी ठरवलं नव्हतं.

उरला एक प्रश्न. मामा म्हणाले ते ‘उभ्या उभ्या रेस’. माझ्या गाडीला रेस दिली की ती पळणार.

२० जुलै, रविवार

उत्तर ईएससीतच होतं. गाडी टेबलावर चाकं वर करून ठेवली आणि ट्रिगर केसाएवढा केसाएवढा ओढत आकडे वाचले. १५००, १५२०, १५४०. चाकं हलत नाहीत. १५६० ला मोटर पहिल्यांदा कुरकुरते. मध्याजवळ ईएससी मुद्दामच थोडी जागा सोडतो, हाताच्या थरथरीने गाडी सरकू नये म्हणून. पल्स मात्र त्या जागेतही बदलते आणि माझा नॅनो ती वाचतो.

म्हणजे १५१२ ते १५५५ ही माझी ‘रेस’. उजेडाची बहुतेक चढण याच पट्ट्यात बसवली: १५१२ ला ६० टक्के, १५५५ ला ९५. त्याच्या पुढे उरलेले पाच. सिग्नलचा आकडा पाच पल्सांच्या सरासरीने स्थिर केला नसता तर हे जमलंच नसतं, दिवे थरथरत राहिले असते.

२७ जुलै, रविवार

दुपारपासून उघडीप. सोसायटीच्या आवारात फरशा ओल्या, कडेला पाणी साचलेलं, वीज नेमकी पार्किंगच्या बाजूची गेलेली. साडेसातला मामांना खाली खुर्ची दिली आणि गाडी समोर ठेवली.

मी दोन फेऱ्या मारून दाखवल्या. वळण, इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स, सगळं ठीक. वॉचमनकाका आणि तळमजल्यावरची मुलं जमली. एका मुलाने विचारलं की ही कुठली टॅक्सी, त्याने पद्मिनी रस्त्यावर बघितलेलीच नाही. मामा त्याला दारापासून डिकीपर्यंत सगळं सांगू लागले, हँडगिअर स्टिअरिंगवर कसा असायचा ते हाताने करून.

मग मी रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांना रिमोट चालवता येत नाही, त्यांनी कधी हातात घेतला नव्हता. मी फक्त एवढं सांगितलं की ट्रिगर अगदी हलका ओढा, गाडी निघणार नाही.

त्यांनी ओढला. दिवे उजळले, साचलेल्या पाण्यात पिवळी रेघ लांबवर गेली. सोडला, मंदावले. गाडी जागची हलली नाही. पुन्हा ओढला. ते बराच वेळ तसेच बसले होते, गाडी कुठेही न नेता, बोट ओढत आणि सोडत. मुलं कंटाळून निघून गेली.

बॅटरी दिव्यांसह ३४ मिनिटं पुरली. परत आल्यावर नेलपॉलिश तपासलं, जोड कोरडे. रेलिमेटच्या एका पिनेत ओल होती, तिथे सिलिकॉन ग्रीस लावायचं. मागच्या नंबरप्लेटवर एक छोटा पांढरा दिवा असायचा, असं मामांनी निघताना सांगितलं. नॅनोवर साध्या पिना उरल्या आहेत. ३ मिमीचा वॉर्म व्हाइट मात्र घरात नाही. पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन.